कबुतराचं पिल्लू कुणालाच का दिसत नाही?

रंकाळाकाठ
आमच्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांपुढं, भवानी मंडपात, रंकाळ्याच्या कट्ट्यावर, जिकडं बघावं तिकडं पारवे. चिमणीचं पिल्लू दिसतं, साळुंकीचं दिसतं, कावळ्याचं पिल्लू पावसाळ्याच्या तोंडाला रस्त्यावर उड्या मारताना हमखास सापडतं. मग एवढ्या कबुतरांत एकही पिल्लू का दिसू नये? ती होतात कुठं आणि जातात कुठं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं.
दुसरी गोष्ट. आमच्या इमारतीच्या डक्टला जाळी मारायचं ठरलंय. आत तिसऱ्या मजल्याच्या पाइपवर घरटं आहे असं वॉचमन सांगतात. लगेच मारावी की थांबावं?

रानवाट
जाळीचं आधी सांगतो: थांबा. आत पिल्लं आहेत की नाहीत हे बघितल्याशिवाय जाळी मारू नका. का, ते खाली येईलच.

आता मूळ प्रश्न. पिल्लू दिसतं, पण ते पिल्लू आहे हे आपल्याला कळत नाही. कबुतराचं पोर घरट्याबाहेर पहिलं पाऊल टाकतं तेव्हा ते जवळजवळ आई-बापाएवढं झालेलं असतं. बुलबुलाचं पिल्लू १२-१३ दिवसांत घरटं सोडतं. शेपूट आखूड, पंख अर्धवट, चोचीच्या कोपऱ्यांना पिवळी किनार, त्यामुळं बघताक्षणी 'हे बाळ' असं कळतं. कबुतराचं पिल्लू २५ ते ३२ दिवस आतच असतं, थंडीत कधी ४० दिवसांच्या वर. ज्या वयात इतर पाखरांची पिल्लं कुंपणावर बसून चिवचिवतात, ते सगळं वय हे अंधाऱ्या कोनाड्यात काढतं.

त्याला एवढं थांबणं परवडतं, कारण जागा. आपला पारवा मूळचा कड्याकपारीतला पक्षी. समुद्राकाठचे कडे, डोंगराच्या कपारी, गुहा, हे त्याचं खरं घर. झुडपात वाटीसारखं उघडं घरटं करणाऱ्या पाखराला साप, मुंगूस, मांजर, भारद्वाज अशा सगळ्यांची धास्ती. तिथला प्रत्येक दिवस धोक्याचा, म्हणून पिल्लं अर्धी कच्ची असतानाच बाहेर पडतात. कड्याच्या आतल्या बाजूला असलेल्या फळीवर कोण पोचणार? तिथं पोर पुरतं वाढेपर्यंत ठेवता येतं. उलट, अर्धवट पंखांनी बाहेर पडलं तर खाली झुडूप नसतं, थेट दरी असते. पहिलीच झेप नीट जमली पाहिजे.

शहरात त्यानं कड्याला पर्याय शोधला. जुन्या वाड्यांचे कोनाडे, देवळांच्या शिखरांमधल्या खाचा, पुलाखालच्या फटी, लिफ्टची मशीनरूम, पाण्याच्या टाकीखालची पोकळी, एसीच्या बाहेरच्या युनिटमागची वीतभर जागा. पन्हाळ्याच्या अंबारखान्यासारखी उंच, थंड, अर्धवट अंधाराची दगडी इमारत म्हणजे त्याच्या लेखी गुहाच. आणि खेड्यात विहीर! आपल्या भागातल्या जुन्या बांधीव विहिरीत वाकून बघा, दगड निखळलेल्या प्रत्येक भोकात पारवा असतो. टाळी वाजवली की घुमत वर येतात. पिल्लं मात्र आत भिंतीला पाठ लावून गप्प.

ते गप्प राहणंही महत्त्वाचं. एकटं असताना ते ओरडत नाही. जवळ कुणी आलं तर अंग फुगवतं, फुसकारतं, चोच कटकट वाजवतं. चीं-चीं करून मागणं फक्त आई-बाप समोर आले की. म्हणून डोक्यावर चार हातांवर घरटं असलं तरी पत्ता लागत नाही.

उद्यमनगर_७
कावळे आणि मांजरं खातात म्हणून दिसत नाहीत असं ऐकलं होतं. ते चूक का?

रानवाट
खातात हे खरं. कावळा अंडी आणि लहान पिल्लं उचलतो, मांजर टप्प्यात आलेलं सोडत नाही, घूस-उंदीर अंडी फोडतात, गव्हाणी घुबड रात्री आतल्या फळ्यांवर येतं. पण न दिसण्याचं कारण ते नव्हे. सगळी खाल्ली गेली असती तर लक्ष्मीपुरीत एवढे पारवे आले कुठनं?

ढाबळवाला
रानवाटनी जागेचं सांगितलं, मी आतलं सांगतो. ढाबळीत, म्हणजे पाळीव कबुतरांच्या खुराड्यात, जे होतंय तेच कोनाड्यात होतंय, फरक फक्त दाण्याचा.

मादी दोन अंडी घालतीय. पांढरीशुभ्र, साधारण ३९ मिलिमीटर लांब, २९ रुंद. पहिलं संध्याकाळी, दुसरं तिथनं साधारण ४४ तासांनी, म्हणजे एक दिवस सोडून दुपारी. पहिल्यावर ती नुसती उभी राहतीय, ऊब देत न्हाई. खरं बसणं दुसरं पडल्यावर. असं केलं म्हणूनच दोन्ही पिल्लं जवळजवळ एका वेळी निघतात. पहिल्यावरच घट्ट बसली तर पहिलं पिल्लू दोन दिवस मोठं होतंय, मग धाकट्याच्या वाट्याला काय येत न्हाई, ते मरतंय.

१७ ते १९ दिवसांत फुटतात. सकाळी दहाच्या आसपास नर बसतोय ते दुपारी चार-पाचपर्यंत. बाकी सगळा वेळ, रात्र धरून, मादी. म्हणजे घरटं चोवीस तास झाकलेलं. पिल्लू निघाल्यावरही पहिले सात-आठ दिवस कुणीतरी अंगाखाली घेऊन बसलेलंच असतंय. लांबनं बघणाऱ्याला वाटतंय एक कबुतर निवांत बसलंय. त्याच्या पोटाखाली दोन जीव हायत हे कळायचं कसं?

निघालेलं पिल्लू १५-२० ग्रॅमचं. डोळे बंद, कातडी गुलाबी-काळपट, अंगावर पिवळी विरळ लव आणि अंगाच्या मानानं ही मोठी मऊ चोच. खरं सांगायचं तर दिसायला देखणं नसतंय, पण त्या चोचीला अर्थ हाय, खाली सांगतो. चार-पाच दिवसांनी डोळे उघडतात. सातव्या-आठव्या दिवशी पंखांवर निळसर काटे टोचून वर येतात. पायात ओळखीची कडी घालायची ती याच सुमाराला: पुढची तीन बोटं एकत्र धरून कडीतनं घ्यायची, कडी मागच्या बोटावरनं पायावर सरकवायची, मग मागचं बोट अलगद बाहेर ओढायचं. दोन दिवस उशीर झाला तर पाय जाडावतोय आणि कडी जात न्हाई. दोन दिवस लवकर घातली तर घरट्यात गळून पडतीय.

दहा-बाराव्या दिवशी पिल्लू साळिंदरागत दिसतंय. इथनं पुढं दिवसा एकटं ठेवतात, रात्री आई बसतीय. पंधरा-अठराव्या दिवशी काटे फुटून पिसं उलगडतात, टोकाला पिवळी लव लटकत राहतीय. बावीस दिवसांत वरनं बघितलं तर पूर्ण कबुतर. पण पंख उचलून बगल बघायची. बगल सगळ्यात शेवटी भरतीय. तिथं उघडी कातडी दिसली तर अजून आठवडा लागणार. बगल भरली की गेलं म्हणून समजा.

सुगरण
दादा, दुधाचं राहिलं की. सगळं कोडं तिथंच सुटतं.

कबुतर दूध पाजतं. नर आणि मादी दोघंही. गळ्याखाली दाणे साठवायची जी पिशवी असते तिचं अस्तर अंड्यांवर बसायच्या दिवसांतच जाड होत जातं, आणि अंडी फुटायच्या दोन-तीन दिवस आधीपासून त्याच्या चरबीनं भरलेल्या पेशी सुटून येतात. ओल्या पनीरचा चुरा असावा तसा फिकट पिवळा लगदा. पाणी सोडून उरलेल्या भागात सुमारे ६० टक्के प्रथिनं आणि ३२ ते ३६ टक्के मेद. साखर जवळजवळ नाहीच, म्हणजे गाई-म्हशीच्या दुधाशी त्याचं नाव सोडून काही नातं नाही. रोगप्रतिकारक द्रव्यंही त्यातूनच पिल्लाला मिळतात. हे अस्तर वाढवणारं संप्रेरक म्हणजे प्रोलॅक्टिन, आईला दूध यायला जे लागतं तेच. १९३० च्या दशकात ऑस्कर रिडल आणि सहकाऱ्यांनी ते ओळखलं, तेही कबुतराच्या गळ्याच्या पिशवीवरच्या परिणामावरून.

पाखरांत ही सोय फार थोड्यांकडं आहे: कबुतर-होल्यांचं कूळ, रोहित (फ्लेमिंगो), आणि एम्परर पेंग्विनचा नर.

आता याचा 'न दिसण्याशी' संबंध बघा. चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिल्लांना अळ्या-किडे लागतात. त्यासाठी दिवसभर येरझाऱ्या, चोचीत अळी घेऊन आत-बाहेर. त्या येरझाऱ्यांवरूनच आपल्याला घरटं सापडतं. कबुतर लक्ष्मीपुरीत सांडलेली ज्वारी खातं, पाणी पितं आणि रिकाम्या चोचीनं परत जातं. अन्न गळ्याच्या आत. बाहेरून बघणाऱ्याला काहीच सुगावा नाही. शिवाय किड्यांचा हंगाम बघावा लागत नाही, त्यामुळं वर्षभर अंडी. 'पिल्लांचे दिवस' असा वेगळा काळच नाही की ज्यात एकदम शंभर पिल्लं डोळ्यांत भरतील.

पाजायची रीतही उलटी. साळुंकी पिल्लाच्या उघड्या तोंडात चोच घालते. इथं पिल्लू आपली चोच आई-बापाच्या घशात खुपसतं. दोन पिल्लं असली तर दोघांच्या चोची एकाच वेळी दोन कोपऱ्यांतून आत, आणि मोठं कबुतर मान खालीवर हलवत लगदा वर आणतं. पिल्लाची मऊ, फुगीर चोच या कामासाठीच असते. पहिले तीन-चार दिवस निव्वळ दूध. मग दूध आणि भिजलेले दाणे, आणि दुसऱ्या आठवड्याच्या पुढं दाण्यांचं प्रमाण वाढत जातं.

ढाबळवाला
बरोबर हाय ताई. याच दिवसांत एक घात होतोय तो सांगतो. आई-बापाच्या घशात कॅन्कर या घशाच्या रोगाचा जंतू असला तर तो दुधातनंच पिल्लाला जातोय. मोठं कबुतर धडधाकट, पिल्लू मात्र दहा-बारा दिवसांचं होऊन खाणं सोडतंय. तोंड उघडून बघितलं तर घशात पिवळा, दह्याच्या गोळ्यागत थर. खरवडून काढायचा न्हाई, रक्त येऊन गुदमरतंय. औषध जनावरांच्या डॉक्टरकडनंच, वजनावर. दुसरी गोष्ट, लवेत पळणारी चपटी काळपट माशी. रक्त पितीय आणि त्यातनं रक्तातला रोग पसरवतीय. ढाबळीत घरट्याचं गवत-काड्या बदलायच्या त्या यासाठी.

रंकाळाकाठ
म्हणजे लक्ष्मीपुरीत जी दिसतात त्यांतली काही महिना-दीड महिन्याची पोरं असणार? ओळखायची कशी?

सुगरण
असणारच. पाच खुणा, पण सगळ्यात खात्रीची चोचीची.

मोठ्या कबुतराच्या चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांवर, खडूसारखा पांढरा फुगवटा असतो. पोराच्या चोचीवर तो चपटा आणि राखाडी-गुलाबी असतो, त्यामुळं चोच उगीच लांब वाटते. मग डोळा: मोठ्याचा नारिंगी-लाल, पोराचा मळकट तपकिरी. मान बघा. मोठ्याच्या मानेवर ऊन पडलं की हिरवा-जांभळा रंग हलतो, पोराची मान नुसती राखाडी, धुरकट. पाय लालभडक नसतात. आणि नशीब असेल तर डोक्यावर किंवा मानेवर पिवळ्या लवेचे दोन-चार केस उभे राहिलेले दिसतात. तो ऐवज आठवडाभराचाच, मग झडतो.

वागण्यावरूनही कळतं. एक कबुतर दुसऱ्याच्या मागं पंख थरथरवत, बारीक शिट्टीसारखा आवाज काढत पळतंय, तोंडाशी झोंबतंय, तर ते पोर आहे आणि पुढचा बहुतेक बाप. कारण आई तोवर पुढच्या अंड्यांवर बसलेली असते. पोर दोन-तीन आठवड्यांचं झालं की पुढची अंडी पडतात, म्हणून शेवटचं भरवणं नराकडं. सकाळी दुकानं उघडून पोती झाडली जातात तेव्हा हे दृश्य बघायला मिळतं.

घरटं कुठं आहे याची खूण जमिनीवर. पांढऱ्या अंड्याचं स्वच्छ अर्धं टरफल, मधोमध गोल कापल्यासारखं आणि आतून कोरडं, फुटपाथवर सापडलं तर वर पिल्लू निघालंय. आई-बाप टरफल उचलून लांब टाकतात, त्यामुळं अगदी वरच असेल असं नाही, पण आसपास असतं. टरफल वेडंवाकडं चेचलेलं आणि आत बलक चिकटलेला असला तर कावळ्याचा उद्योग.

बघायचंच असेल तर समोरच्या इमारतीतून, दुर्बिणीनं, सकाळी दहाच्या आगेमागे पाळी बदलते तेव्हा. शिडी लावून डोकावू नका. अंड्यांच्या दिवसांत सारखं उठवलं तर जोडी अंडी सोडून जाते.

उद्यमनगर_७
बाल्कनीतल्या कुंडीत जी पिल्लं लोकांना सापडतात ती कुणाची मग? फोटो तर कबुतराची पिल्लं म्हणून फिरतात.

सुगरण
बहुतेक होल्याची. ठिपकेदार होला किंवा छोटा तपकिरी होला. तोही याच कुळातला, तोही दूध पाजतो, पण कुंडीत, झुडपात, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर उघड्यावर घरटं करतो आणि पिल्लं साधारण दोन आठवड्यांतच बाहेर पडतात. म्हणून ती दिसतात. उघडं घरटं म्हणजे लवकर बाहेर, हा रानवाटचा मुद्दा इथं एकाच कुळात पडताळून बघता येतो.

जनावरांचा_डॉक्टर
खाली पडलेल्या पिल्लाबद्दल लिहितो, कारण पावसाळ्यात घरटी वाहून जातात तेव्हा हाच प्रश्न जास्त येतो आणि चुकीच्या मायेनं पिल्लं मरतात.

आधी परत ठेवता येतं का बघा. 'माणसाचा हात लागला की आई घेत नाही' हे खरं नाही. घरटं दिसत असेल तर उचलून ठेवा. घरटंच पडलं असेल तर पसरट टोपलीत काड्या घालून त्याच फळीवर टेकवा. आई-बाप येतात का ते लांबून तीन-चार तास बघा. मोठी पिल्लं दिवसातून दोन-तीनदाच भरवली जातात, त्यामुळं अर्ध्या तासात 'आई आली नाही' असं ठरवू नका.

पूर्ण पिसं असलेलं, नीट उभं राहणारं, पण उडत नसलेलं पोर जमिनीवर दिसलं तर बऱ्याचदा ते पहिल्या झेपेत खाली आलेलं असतं. मांजर-कुत्र्यापासून लांब, जवळच्या उंच पत्र्यावर किंवा भिंतीवर ठेवा.

घरी आणावंच लागलं तर आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. हा क्रम मोडू नका. गार पडलेल्या पिल्लाला भरवलं तर अन्न पिशवीतच राहतं, आंबतं आणि पिल्लू दगावतं. पिसं नसलेल्याला ३२ ते ३५ अंश लागतात. खोक्यात जुना टॉवेल, एका बाजूला ४० वॅटचा जुना, तापणारा बल्ब, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे जास्त झालं तर ते सरकेल.

पाणी चोचीत ओतायचं नाही. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं भोक आहे, दोन थेंब तिकडं गेले तरी पिल्लू गेलं. उथळ झाकणात कोमट पाणी घेऊन चोचीचं टोक बुडवा, कबुतर ओढून पितं.

आपल्याकडं पहिलं दूधच पाजायला निघतात. दूध नको, दूध-पाव नको, दूध-भात नको. वर सुगरणताईंनी लिहिलंय तसं त्यांच्या दुधात साखर जवळजवळ नाही, आपल्या दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, त्यांना पचत नाही. १२ दिवसांच्या पुढच्या पिल्लाला गोठवलेले मटार कोमट पाण्यात सोडवून द्या. मटार हाताला कोमट लागला पाहिजे, गार नको. पिल्लू फडक्यात गुंडाळून मांडीवर धरा, वरची चोच दोन बोटांनी बाजूंनी धरून उघडा आणि एकेक मटार जिभेच्या मागं ठेवा. सुरुवातीला १०-१५, पुढं ३०-४०, दिवसातून तीनदा. गळ्याची पिशवी पाणी अर्धं भरलेल्या फुग्यासारखी मऊ लागली की थांबा. पुढच्या वेळी आधी पिशवी चाचपा. रिकामी नसेल तर भरवू नका, डॉक्टरला दाखवा.

त्याहून लहान पिल्लू म्हणजे कठीण काम. पिल्लांसाठीचं तयार पीठ कोमट पाण्यात पातळ करून, सुई काढलेल्या सिरिंजचं पुढचं टोक कापून, त्यावर ताणून बसवलेल्या रबराला छोटी चीर पाडून द्यावं लागतं. पिल्लू चिरेतून चोच आत घालून स्वतः ओढतं, आई-बापाच्या घशातून ओढतं तसंच. पण हे जमण्यातलं नसेल तर वेळ न घालवता जाणत्याकडं द्या.

रंकाळाकाठ
वॉचमनकडून फोटो घेतला. दोन पिल्लं आहेत. डोळे उघडलेत, पंखांवर काटे आहेत, पिसं अजून उलगडलेली नाहीत. जाळी कधी मारायची?

ढाबळवाला
दहा-बारा दिवसांची हायत. तीन आठवडे धरा.

रानवाट
तीन आठवडे, पण नुसतं थांबून भागणार नाही. सुगरणताईंनी सांगितलंय तसं ही पोरं उडायच्या आतच मादी पुढची अंडी घालेल, बहुधा त्याच डक्टमध्ये शेजारच्या पाइपवर. नुसती वाट बघितली तर मोकळा दिवस कधीच मिळणार नाही.

म्हणून आताच, घरटं सोडून डक्टमधल्या बाकीच्या सपाट जागा बंद करा. पाइपच्या जोडांवर आणि स्लॅबच्या कडेवर पत्रा किंवा प्लायची पट्टी तिरकी बसवा, उतार ४५ अंशांच्या वर. त्यापेक्षा कमी उतारावर काड्या टिकतात. दर दोन दिवसांनी बघा, नव्या काड्या दिसल्या तर अंडी पडायच्या आत काढा. त्याच घरट्यात नवं अंडं पडलंच तर त्याच दिवशी उचला, तोवर त्यात जीव धरलेला नसतो.

पोरं उडाली तरी पहिले तीन-चार दिवस रात्री मुक्कामाला तिथंच येतात. ते दिवस जाऊ द्या. मग घरटं काढा. त्यांची घरटी जड असतात, मोठी झालेली पिल्लं कडेलाच शिटतात आणि त्या शिटीनंच काड्या सिमेंटसारख्या धरतात. कोरडं खरवडू नका, धूळ फुप्फुसात जाते, आणि डक्टमधून ती सगळ्यांच्या बाथरूममध्ये शिरेल. त्या दिवशी व्हेंटिलेटर बंद ठेवायला सांगा. कामगाराला एन-९५ मास्क आणि हातमोजे द्या. आधी पाणी फवारून पंधरा मिनिटं भिजू द्या, मग उचलून पिशवीत बांधा. जागा ब्लीचच्या पाण्यानं धुवा, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी. संडास धुवायचं ॲसिड त्यात अजिबात मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो आणि डक्टमध्ये उतरलेला माणूस बेशुद्ध पडू शकतो.

जाळी ५० मिलिमीटर भोकांची, चारी बाजूंनी तारेवर ताणून. सैल सोडली तर पारवे त्यात पाय अडकून लटकतात. मारायच्या आधी टॉर्चनं वरपासून खालपर्यंत प्रत्येक पाइपमागं बघायचं. आत एक जरी पिल्लू राहिलं तर आई-बाप बाहेरून जाळीवर धडका देत राहतात आणि ते आत उपाशी मरतं. वॉचमनला म्हणावं फोटो दर चार दिवसांनी टाका, बगल भरलेली दिसली की इथं कळवा, तिथून दिवस मोजू.